मदत हवी आहे: बोळातल्या कामासाठी स्किड स्टीअर, रेडियल की व्हर्टिकल लिफ्ट?

स्किड स्टीअर म्हणजे जागेवर वळणारं छोटं लोडर; रेडियलमध्ये बकेटचा आर्म कमानीत वर जातो, व्हर्टिकलमध्ये जवळपास सरळ वर. काम दोन प्रकारचं: कुर्ल्यात चाळी पाडल्याचं डेब्रिज आणि पावसाळ्याआधी नाल्याकाठचा गाळ उचलणं. बोळ १.९ मीटरचा, म्हणून बकेटसकट रुंदी १.७ च्या आत हवी. बॅकहो शिरतच नाही.

भाड्याचं ५५० किलो क्षमतेचं रेडियल मशीन ०.४ घनमीटर बकेटसह वापरून पाहिलं. ओला गाळ घनमीटरला साधारण १.७ टन, म्हणजे बकेटमागे ६८० किलो. ब्रेक लागला की मागची चाकं हलकी होतात. शिवाय पूर्ण उंचीवर आर्म मागे येतो, त्यामुळे माल डंपरच्या मध्यात न पडता कडेलाच पडतो. सळईने हवेचे टायर फुटतात, ते वेगळंच. ट्रॅकवालं नको, रोजचं वळणं काँक्रीटवर आहे, त्यात ट्रॅक झिजतात.

व्हर्टिकलला सांधे जास्त. गाळात रोज ग्रीस मारूनही त्यांच्या पिना-बुश किती तास टिकतात? आणि एवढ्या रुंदीत ७५० किलोचं व्हर्टिकल मशीन कुणी सॉलिड टायरवर चालवलंय का?