भाषण नको, आधी हजेरीपट उघडा

शाळेतले समुपदेशक परीक्षेच्या तोंडावर येऊन तासभर भाषण देतात, त्यानं काय होतं, हा प्रश्न रास्त आहे. खरं काम हजेरीपटातून सुरू होतं. सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी लागली की नववी-दहावीची पोरं गळू लागतात. सलग चार खाडे दिसले की वर्गशिक्षकांनी त्याच आठवड्यात समुपदेशकाला नाव कळवावं. दिवाळीनंतर बघू म्हटलं, तर पोरगं मागं पडतं आणि मग लाजेनं येतच नाही.

समुपदेशकांनो, मुलाला भर वर्गातून शिपायाकरवी बोलावू नका. संध्याकाळपर्यंत गावभर होतं. पहिल्याच भेटीत सांगा, की बोलणं आपल्यातच राहील, पण जिवाला धोका किंवा लैंगिक अत्याचार असेल तर कळवावंच लागेल. लैंगिक अत्याचार कळवणं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं, म्हणजे मुलांना अशा अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्यानं, बंधनकारक आहे. "आधी घरच्यांशी बोलू" म्हणून ते लांबवता येत नाही.

मुलानं मरणाची भाषा केली तर थेट विचारा. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. त्याला एकटं सोडू नका. आणि घरी फवारणीचं औषध कुठं ठेवतात, हे विचाराच. बहुतेक घरी डबा खाटेखाली किंवा कोठ्यात उघडाच असतो. तो त्याच दिवशी कुलपात जायला हवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.

दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीनं, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीनं, अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षाही असते. हे निकालाआधीच सांगा, मुलासोबत त्याच्या बापालाही.