प्रेमाला 'नशा' म्हणणारं गाणं मुलींना गाऊ द्यायचं का?

साखळीची_टीचर

नमस्कार. मी गोव्यात साखळीजवळच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. डिसेंबरात गॅदरिंग आहे. नववीच्या सात मुलींनी एक गाणं स्वतःच बसवलंय, शब्द त्यांच्यातल्याच एकीच्या भावाचे. चाल गोड आहे, मुली सुरात गातात. पण धृपदातच प्रेमाची नशा चढते, पुढच्या कडव्यात तुझं व्यसन जडतं आणि शेवटी 'आता शुद्ध नको'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून वर्गाबाहेर गेले.

माझा दादा एक्केचाळिसाव्या वर्षी दारूने गेला. उन्हाळ्यात हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, एरवी फेणी, शेवटी शेवटी जे हाताला लागेल ते. आमच्या वाड्यावर मार्च-एप्रिलात काजूचे बोंडू मळायला लागले की सगळ्या हवेला तो गोड-आंबूस वास यायचा. इतरांना त्यात मोसम आल्याचा आनंद असायचा. आई मात्र खिडकी लावून घ्यायची.

लोकांना वाटतं नशा म्हणजे संध्याकाळचं हसणं, गाणं, मोठ्याने बोलणं. मला आठवते ती सकाळ. दादा चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, तरी बशीत चहा सांडायचा. मग तो कप खाली ठेवून तोंडच कपाजवळ न्यायचा. आई पाठ करून भाकरी थापत राहायची, म्हणजे त्याला कोणी बघतंय असं वाटू नये. मी तेव्हा नववीतच होते. शेजारची मुलं त्याला 'बेबदो', म्हणजे बेवडा, म्हणून हाक मारायची आणि मी दप्तर घेऊन मागच्या दाराने निघायचे.

म्हणून विचारते. गाण्यातली नशा ही नुसती उपमा आहे, हे मला कळतं. 'सैराट' आला तेव्हा 'झिंगाट'वर आमची अख्खी शाळा नाचली, मीही नाचले आणि मला काही वाटलं नाही. मग 'व्यसन' हा शब्द आला की का टोचतं? मुलींना थांबवावं की मी माझं दुःख घरी ठेवावं?

पेटीवाला_पेडणे

टीचर, दादांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी चाळीस वर्षं भजनांना आणि जत्रेतल्या नाटकांना पेटी वाजवतोय, चैत्रात तुमच्या विठ्ठलापूरच्या देवळातही येऊन गेलोय. माझ्यापुरतं सांगतो.

आपल्या बोलीत प्रेमाला जुना शब्द नशा नव्हे. वेड लागतं, नाद लागतो, छंद लागतो, ओढ लागते. सगळीकडे 'लागतं', म्हणजे बाहेरून येऊन चिकटतं. तुकोबांनी तर पंढरीच्या देवालाच भूत म्हटलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेत झडपणारं. ते भूत अंगात शिरतं, त्यात माणसाचा दोष नाही. प्याला मात्र आपला आपण भरायचा असतो. तो प्याला, तो साकी आपल्याकडे उर्दू गझलेतून आणि मग हिंदी सिनेमातून आला. तिथे मद्याला भक्तीचाही अर्थ आहे, मोठी परंपरा आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण मराठीत उतरताना अर्थ मागे राहिला आणि नुसती बाटली आली.

तुम्ही 'सैराट'चं काढलंत म्हणून सांगतो, त्याच सिनेमात 'याड लागलं'ही आहे. एका गाण्यात झिंग, दुसऱ्यात याड. वाजवताना हाताला फरक कळतो. झिंगेला ठेका पुढे ढकलत नेतो. याडाला सूर लांबवावा लागतो, तिथे घाई केली की मेलं.

आणि नाद हा शब्द बघा. नाद म्हणजे सूर, आणि नाद म्हणजे सुटत नाही ते. माझी म्हातारी म्हणायची, ह्याला पेटीचा नाद लागला, हा आता शेतात यायचा नाही. खरंच गेलो नाही.

मडगावहून_मी

मी मानसशास्त्रात एम. ए. करतेय, थोडं वेगळं मत मांडते. गीतकार अगदीच हवेत बोलत नाहीत. २००५ मध्ये आर्थर अॅरन, हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी गाढ प्रेमात असलेल्या १७ जणांना आवडत्या माणसाचा फोटो दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. डोपामिन हे रसायन तयार करणारा, बक्षिसाची ओढ लावणारा भाग जागा झालेला दिसला. २०१० मध्ये त्यांनीच नकार मिळालेल्या, तरी प्रेमात अडकलेल्या १५ जणांना तपासलं. तिथे कोकेनच्या तलफेशी जोडलेले भागही दिसले. म्हणजे टीचर, तुम्ही ज्या सकाळीबद्दल लिहिलंत तिची सावली प्रेमभंगातही असते. मी स्वतः एका माणसाचं 'लास्ट सीन' रात्री तीन-तीनला उठून बघितलंय. त्याला 'ओढ' म्हणणं मला जमणार नाही, ती तलफच होती.

पण सारखं दिसणं म्हणजे तेच असणं नव्हे. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात, जुगाराला व्यसनांच्या पंक्तीत बसवलं, प्रेमाला नाही. बाहेरच्या पॉप गाण्यांत हे फार पूर्वीपासून आहे. रॉक्सी म्युझिक या ब्रिटिश बँडचं 'लव्ह इज द ड्रग' १९७५ चं, आणि मानसशास्त्रज्ञ स्टँटन पील यांचं 'लव्ह अँड अॅडिक्शन' हे पुस्तकही त्याच वर्षीचं. पील यांचं म्हणणं गाण्याच्या उलट होतं: जे नातं माणसाला बाकी सगळ्यातून काढून एका जागी कोंडतं ते व्यसन, आणि प्रेम माणसाला मोठं करतं.

मी तुमच्या जागी असते तर गाणं थांबवलं नसतं. सात जणींपैकी एखादी आत्ताच कुठल्यातरी फोनपाशी जागत असेल. तिला 'व्यसन' हा शब्द मिळाला तर निदान आपलं काय होतंय ते सांगता येईल.

साखळीची_टीचर

दोघांचेही मनापासून आभार. काका, तुमचं 'लागतं' मी सोमवारी जसंच्या तसं वर्गात नेलं.

तालीम थांबवली नाही. आधी फळा दिला आणि म्हटलं, गाण्यांत प्रेमासाठी दारूकडून घेतलेले जेवढे शब्द आठवतात तेवढे लिहा. नशा, धुंदी, झिंग, कैफ, प्याला, घोट, चढणं, तोल जाणं, शुद्ध हरपणं. फळा पाच मिनिटांत भरला. मग म्हटलं, आता चढलेलं उतरतं त्याचे शब्द लिहा. वर्ग गप्प झाला. मला काय टोचत होतं ते तेव्हा मलाच दिसलं: गाणं दारूच्या दारात जाऊन फक्त संध्याकाळ उसनी आणतं.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती गाण्यात नाही, एरवी तोंडातून शब्द काढत नाही. तिने कोपऱ्यात लहान अक्षरात लिहिलं, 'उतारा'. बाकीच्या हसल्या, त्यांना परीक्षेतला उतारा वाटला, खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा. ती हसली नाही. तिला नशा उतरवायचा तो अर्थ कुठून माहीत, हे मी विचारलं नाही. तास संपल्यावर तिला वह्या उचलायला थांबवून घेतलं आणि स्टाफरूमपर्यंत बरोबर चालत गेलो. दारात ती म्हणाली, टीचर, सकाळी लिंबू लागतं. मी म्हटलं, हो, आमच्याकडेही लागायचं. आता ती रोज वह्या घेऊन येते.

मडगावच्या ताई, 'व्यसन' हा शब्द मी ठेवला, तुमच्या त्या रात्रीसाठी. 'आता शुद्ध नको' ही ओळ मात्र मुलींनी स्वतःच बदलायला घेतलीय, शब्द लिहिणारा भाऊ थोडा रागावलाय. कडवं अजून जुळत नाही.

काका, मुली काळी दोनच्या पट्टीत गातात, पण अंतऱ्यात वर जाताना दोघींचा आवाज फाटतो. पट्टी उतरवू की त्या दोघींना धृपदापुरतंच ठेवू?

पेटीवाला_पेडणे

काळी एक करा. कोणालाही बाहेर ठेवू नका. आणि त्या वह्यावालीला टाळ द्या.