जपानी सहकाऱ्यांचा होकार आणि श्रोत्यांची शांतता : आपले अनुभव लिहावेत

जपानी लोकांबरोबर काम करताना वाकून अभिवादन करणे किंवा पादत्राणे दाराशी काढणे आपल्याला जड जात नाही. गोंधळ होतो तो त्यांच्या शब्दांचा आणि गप्प बसण्याचा अर्थ लावताना. असा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांनी तो येथे सविस्तर लिहावा. नियमांची यादी पुस्तकांत मिळते. आपण कोठे चुकलो, ते हवे आहे.

संगणक प्रणालीचे काम, पुणे

माझ्या पहिल्या सादरीकरणात ग्राहकाकडील ज्येष्ठ गृहस्थ प्रत्येक वाक्याला मान हलवून 'हाइ' म्हणत होते, आणि शब्दकोशात त्याचा अर्थ 'होय' असल्यामुळे मी इतिवृत्तात 'प्रस्ताव मान्य' असे लिहून मोकळा झालो. दुभाषी बाईंनी ते वाक्य खोडायला लावले. गोष्ट ऐकताना आपण जो हुंकार देतो, तोच तो 'हाइ' होता. त्याला जपानीत 'आइझुची' म्हणतात. शेवटी ते 'केन्तो शिमास', म्हणजे 'विचार करतो', असे म्हणाले होते आणि तो बहुधा नकारच समजावा, असे बाईंनी सांगितले. पुढे कळले की खरा निर्णय बैठकीआधीच, एकेकाला स्वतंत्रपणे भेटून घडवावा लागतो. त्याला 'नेमावाशी' म्हणतात. झाड दुसरीकडे लावण्यापूर्वी मुळांभोवतीची माती मोकळी करण्याचा हा माळीकामातला शब्द आहे. तेव्हापासून मी बैठकीत नवे काही मांडत नाही.

कारखान्यातील अभियंता, नागोया

आमच्याकडे 'होरेन्सो' सतत कानी पडते : 'होकोकु' म्हणजे अहवाल, 'रेनराकु' म्हणजे कळवणे, 'सोदान' म्हणजे सल्ला. याच उच्चाराचा दुसरा अर्थ पालकाची भाजी. (मराठीत 'पालक' शब्दालाही दोन अर्थ आहेत, हे सांगितल्यावर सहकारी मनापासून हसले.) बिघाड आधी दुरुस्त करावा आणि मग सांगावे, ही माझी सवय मात्र त्यांना लपवाछपवी वाटली. याहून अवघड गेले ते ग्राहकापुढे स्वतःच्या विभागप्रमुखांचे नाव 'सान' (आपल्या 'राव'सारखा नावापुढचा आदरार्थी शब्द) न लावता घेणे. बाहेरच्यांसमोर आपल्या माणसाला मान द्यायचा नसतो, हे कळत असूनही आजही जीभ अडखळते.

मेइशीबद्दल (भेटपत्राबद्दल) थोडेसे

समोरच्याने दोन्ही हातांनी दिलेल्या भेटपत्रावर मी त्याच्यादेखत दूरध्वनी क्रमांक टिपला. कोणी काही बोलले नाही, पण मला नवा कागद आणून देण्यात आला.

तबलावादक, ओसाका

विलंबित ख्यालात गायिका समेवर इतकी सुरेख आली, तरी सभागृहातून 'वाह' नाही, मान डोलावणे नाही. पुढच्या रांगेतले दोघे तर डोळे मिटून बसलेले. ते झोपले असावेत, या समजुतीने आम्ही द्रुत बंदिश लवकर आटोपती घेतली. कार्यक्रमानंतर त्याच दोघांपैकी एका आजोबांनी अत्यंत संकोचाने विचारले की विलंबितातला तो ठेका मध्येच थोडा वेगळा वाजवला होता का. वाजवला होता, तो बदल गायिकेच्याही लक्षात आला नव्हता.