भाजलेल्या जखमेला लाल लाईटची थेरपी द्यावी का? मदत हवी आहे (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या. कोल्हापूरजवळ आमचं गाव, घरचं गुऱ्हाळ आहे. अडीच आठवड्यांमागं रात्रीच्या शेवटच्या आधणाला काहील (रस आटवायची मोठी कढई) गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतताना धाकट्या भावाच्या उजव्या हातावर पाक उडाला, मनगटापासून कोपरापर्यंत. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलंय त्यांना सांगायला नको, उकळतं पाणी निदान निथळून जातं, पाक चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. हौदाचा नळ जवळ होता म्हणून मी त्याचा हात वीसेक मिनिटं धारेखाली धरून ठेवला, आई टूथपेस्ट घेऊन आली होती, लावू दिली नाही.

सर्जन म्हणाले सेकंड डिग्री, म्हणजे कातडीच्या दुसऱ्या थरापर्यंत भाजलंय, पण मनगटाकडं खोल. एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे. कोपराकडं गुलाबी कातडी आली, मनगटाजवळ मात्र अर्ध्या तळहाताएवढा भाग पांढरट-पिवळाच आहे, तिथं बोट लावलं तर त्याला कळत नाही. बाकी ठिकाणी गॉज सोडवताना सलाईननं कितीही भिजवलं तरी बिचारा तोंडात टॉवेल धरून बसतो. तीन आठवडे झाले की मांडीची कातडी काढून ग्राफ्ट करायचं का ते ठरवू असं सर्जन म्हणतात, आणि भाऊ त्यालाच घाबरलाय.

आता शहरातल्या एका क्लिनिकवाल्यांनी सांगितलं की लाईट थेरपीचं दहा सिटिंगचं पॅकेज घ्या, ड्रेसिंगची कटकट नको, ऑपरेशनपण टळेल. तोवर मेव्हण्यानं घरी लाल बल्ब आणून ठेवलाय, शेक द्यायचा म्हणून. मला प्रश्न एवढाच, ह्यात खरं किती? पैशाचं बघू कसंतरी, पण चुकीच्या नादात हात आखडून बसला तर आयुष्यभराचं होईल. कुणाला माहिती असेल तर प्लीज लिहा.

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरातच. पहिलं काम, तो बल्ब आजच काढून ठेवा. तो उष्णतेचा दिवा आहे आणि तुमच्या भावाला तिथं स्पर्श कळत नाही, म्हणजे परत भाजलं तरी समजायचं नाही.

लाईट थेरपी म्हणजे थोतांड नाही. तिला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात, पूर्वी लो लेव्हल लेसर म्हणायचे. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांना दिसलं की कमी ताकदीच्या लेसरनं उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवतात, तिथनं हे सुरू झालं. लाल उजेड साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड ८१० ते ८५० चा, हा पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात शोषला जातो आणि पेशीला काम करायला ताकद मिळते असं मानतात. ह्यात कातडी तापवायची नसते, फरक तो आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं की भाजलेल्या उंदरांमध्ये ह्या उजेडानं टीजीएफ-बीटा १ नावाचं प्रथिन जागं होतं आणि जखम लवकर भरते. पण ते उंदीर! उंदराची कातडी सैल, त्याची जखम बरीचशी आकसून मिटते, माणसाला नवीन कातडी कडेनं सरकत यावी लागते.

आणि डोस कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर उलटं भरणं मंदावतं. म्हणून क्लिनिकला विचारा, किती नॅनोमीटर, दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल (म्हणजे उजेडाची किती ऊर्जा), आणि डोळ्यांना गॉगल देता का. सरळ उत्तर आलं नाही तर उठून या. ड्रेसिंग बंद करा म्हणणाऱ्याकडं तर मी पाऊलच ठेवणार नाही. खोल भागात कातडीची मुळंच उरली नसतील तर उजेड ती कुठनं आणणार? तिथं ग्राफ्ट लांबवला की व्रण जाड होतो आणि मनगट आखडतं. सर्जनना विचारून बोटं-मनगट हलवायचे व्यायाम आणि रात्रीचा स्प्लिंट (मनगट आखडू नये म्हणून बांधायचा आधार) सुरू करा.

प्रतिसाद २
माझ्या आईला कॅन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये तोंड आलं होतं तेव्हा हाच लेसर दिलेला, डॉक्टरांनीच. त्याचा फायदा झाला, घास गिळायला लागली. पण बाकी औषधं एकही बंद केली नव्हती हे मुद्दाम सांगते. आणि दादा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार येतात, रेशनकार्ड-आधार घेऊन हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटा. दुसरं मत हवं असेल तर सीपीआरला (कोल्हापुरातलं सरकारी हॉस्पिटल) दाखवा. रोज अंडी, डाळ, दूध पोटात जाऊ द्या त्याच्या.

धागाकर्ता
दोघांचे लई लई आभार. काल क्लिनिकला फोन केला, ज्यूल विचारल्यावर म्हणाले मशीन ऑटोमॅटिक आहे, तुम्ही या तर खरं. नाही गेलो. आज सर्जनना सगळं स्पष्ट विचारलं, ते म्हणाले मनगटाचा भाग आपोआप भरायचा नाही, ग्राफ्ट सोमवारी करू, लाईटचं हवंच असेल तर नंतर बघू, पण माझ्या देखरेखीखाली. मांडीची जखम साधारण दोन आठवड्यांत भरते म्हटल्यावर भाऊ तयार झाला. बल्ब मेव्हण्याला परत दिलाय. आता ग्राफ्टनंतर हात किती दिवस हलवायचा नाही आणि प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारी घट्ट बाही) कोल्हापुरात मापानं कुठं शिवून मिळतं, एवढं कुणी सांगा.