स्तनांत टोचलेले जेल वीस वर्षांनी पूर्ण काढता येते का?

प्रश्न
नमस्कार. आम्ही नोकरीनिमित्त शांघायला राहतो. माझ्या 47 वर्षांच्या चिनी शेजारणीने 2003 साली स्तनांचा आकार वाढवण्यासाठी ‘आओमेइदिंग’ नावाच्या जेलची इंजेक्शने घेतली होती. बरीच वर्षे त्रास नव्हता. आता डाव्या स्तनात सुपारीएवढ्या दोन गाठी हाताला लागतात आणि कुशीवर वळले की बरगडीपाशी काहीतरी सरकते, असे ती सांगते. सुईने सगळे ओढून घेता येईल का?

प्रतिसाद 1
मी रेडिओलॉजिस्ट आहे. हे पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचे जेल असून त्यात बहुतांश पाणीच असते, परंतु शरीर ते जिरवत नाही. चीनच्या औषध प्रशासनाने एप्रिल 2006 मध्ये त्यावर बंदी घातली. इम्प्लांटला असते तशी पिशवी याला नसल्यामुळे ते दुधाच्या ग्रंथींत आणि छातीच्या स्नायूंत शिरते, काहींच्या बाबतीत तर पोटाच्या भिंतीपर्यंत उतरते. मात्र गाठी जेलच्याच असतील असे कृपया गृहीत धरू नका, कारण मॅमोग्राफीत जेलच्या आड कर्करोगाची गाठ झाकली जाऊ शकते. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून दिले जाणारे द्रव्य) देऊन एमआरआय करावा. त्यात जेल कुठवर पसरले आहे तेही दिसते, आणि सर्जनला नेमके तेच हवे असते.

प्रतिसाद 2
मी प्लास्टिक सर्जन आहे. सुईने थोडेच निघते. छेद घेऊन पिवळसर, घट्ट जेल धुऊन काढावे लागते, शरीराने जेलभोवती बनवलेले, कठीण झालेले वेष्टन आणि बाधित ऊतीही काढाव्या लागतात. तरीही स्नायूंच्या धाग्यांत मुरलेला काही भाग मागे राहतोच, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवे. त्वचा लाल, गरम झाली किंवा ताप आला, तर जंतुसंसर्ग समजून लगेच रुग्णालयात जावे. घरी चोळणे, दाबणे कटाक्षाने टाळा, त्याने जेल आणखी सरकते.

प्रतिसाद 3
या जेलमुळेच कर्करोग होतो का?

प्रतिसाद 1 (पुन्हा)
तसा संबंध सिद्ध झालेला नाही. हे जेल ज्या अ‍ॅक्रिलामाइडचे रेणू जुळून बनते, ते न जुळता सुटे राहिले तर विषारी असते, म्हणून शंका रास्त आहे. पण आज मोठा धोका निदानाला उशीर होण्याचा आहे.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार. गुरुवारी एमआरआय ठरला आहे. तिने नवऱ्यालाही हे इतकी वर्षे सांगितलेले नाही, म्हणून सोबत मीच जाणार आहे. इंजेक्शनच्या वेळची पावती तिने जपून ठेवली आहे, तीही नेते.