विषय: सहलीची औषधपेटी आणि जुलाबाची 'दोन्ही एकत्र' गोळी

मंडळी, सप्रेम नमस्कार.

सहलीची प्रथमोपचाराची पेटी भरायचं काम समितीनं माझ्या गळ्यात घातलंय. घरच्या औषधांच्या डब्यात दोन पट्ट्या सापडल्या. दोन्हींना आम्ही आजवर 'जुलाबाची गोळी' म्हणत आलो. एकीवर ओफ्लॉक्सॅसिन 200 आणि ऑर्निडाझोल 500 असं छापलंय. दुसरीवर फ्युराझोलिडोन, मेट्रोनिडाझोल आणि लोपरामाइड अशी तीन नावं आहेत. जुलाब थांबवणारं आणि जंतू मारणारं औषध एकाच गोळीत मिळत असेल तर पेटीत तेवढीच ठेवावी म्हणतो, जागाही वाचेल. किती ठेवाव्यात, कशा द्याव्यात? सोबत सत्तरी ओलांडलेली मंडळी आहेत आणि लहान मुलंही आहेत. औषधांतलं कळणाऱ्या कोणीतरी सांगा.

– वि. दे.

---

काका, नमस्कार.

मी फार्मसिस्ट आहे, म्हणून मीच लिहिते. दोन्ही पट्ट्या पेटीबाहेर ठेवा.

पहिल्या पट्टीत जुलाब थांबवणारं काहीच नाही. ओफ्लॉक्सॅसिन जिवाणूंचा डीएनए नीट उलगडू देत नाही, त्यामुळे ते वाढू शकत नाहीत. ऑर्निडाझोल अमीबा, जिआर्डिया आणि ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंवर चालतं. म्हणजे 'हे नाही तर ते असेल' अशा अंदाजानं दोन जंतुनाशकं एकत्र केलेली आहेत. ती घेतल्यावर तासाभरात संडासच्या फेऱ्या थांबल्या, तर त्या तशाही थांबायच्याच बेतात होत्या असं समजा.

दुसरी मात्र तुम्ही म्हणता तशी खरी 'दोन्ही एकत्र'. तिच्यातलं लोपरामाइड अफूच्या कुळातलं. आतड्याच्या भिंतीतल्या ओपिऑइड रिसेप्टरवर, म्हणजे अफूसारखी द्रव्यं जिथे चिकटतात त्या जागांवर, ते बसतं, आतड्याची हालचाल मंदावते, आतलं पातळ द्रव्य जास्त वेळ रेंगाळतं आणि तेवढ्या वेळात पाणी आणि क्षार परत शोषले जातात. मेंदूत ते जवळपास शिरतच नाही, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतला एक पंप त्याला बाहेर ढकलत राहतो. म्हणून नेहमीच्या मात्रेत नशा नाही. याच कुळातलं जुनं डायफेनॉक्सिलेट मात्र तिथवर पोचू शकतं. त्यामुळे त्याच्या 2.5 मि.ग्रॅ.च्या गोळीत 0.025 मि.ग्रॅ. अ‍ॅट्रोपीन मुद्दाम घालतात. कोणी नशेसाठी मूठभर गोळ्या घेतल्याच, तर तोंडाला कोरड पडून आणि छाती धडधडून त्याला पुन्हा तसं करावंसं वाटू नये. औषधातच शिक्षा कालवून ठेवायची ही कल्पना मला अजून गमतीची वाटते. काही जोडगोळ्यांत लोपरामाइडऐवजी हे असतं, आणि लहान मुलाच्या हाती लागलं तर ते फार धोक्याचं आहे.

आता खरी अडचण. लोपरामाइड मोठ्या माणसानं आधी 4 मि.ग्रॅ. घ्यायचं, मग दर पातळ शौचानंतर 2 मि.ग्रॅ. डॉक्टरांना न विचारता घेत असाल तर दिवसाला 8 मि.ग्रॅ.च्या वर जायचं नाही. परिणाम दिसायला तास-दोन तास लागतात, त्यामुळे अधीर होऊन लागोपाठ घेतलं की पुढे पोट गच्च होऊन बसतं. आणि शौच घट्ट व्हायला लागलं की औषध बंद. जंतुनाशकाची रीत अगदी उलटी. ते ठरलेल्या वेळांना, ठरलेले दिवस घ्यायचं, मध्येच बरं वाटलं तरी. आता हे दोघं एकाच गोळीत आले की काय करणार? दर जुलाबामागे एक गोळी घेतली तर जंतुनाशक दिवसातून पाच-सहा वेळा पोटात जातं. जंतुनाशकाच्या वेळा पाळल्या तर जुलाब थांबल्यावरही लोपरामाइड चालूच राहतं. कशीही घ्या, एकाचा डोस चुकतोच.

दोन्ही औषधं एकाच आजारात घेण्याला माझी हरकत नाही. प्रवासात जुलाब जोरात लागले, रक्त नाही, ताप नाही, अशा वेळी डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि लोपरामाइड दोन्ही देतात, आणि नुसत्या जंतुनाशकापेक्षा त्यानं माणूस लवकर उभा राहतो. पण त्या दोन सुट्या गोळ्या असतात. एक थांबवता येते आणि दुसरी चालू ठेवता येते.

शौचात रक्त किंवा आव असेल, चांगलाच ताप असेल, पोट फुगलेलं असेल, तर लोपरामाइड नाही. आतडं जे बाहेर टाकायला बघतंय ते आत कोंडून ठेवायचं नाही. नुकताच दुसऱ्या कशासाठी जंतुनाशकाचा कोर्स झाला असेल आणि त्यानंतर जुलाब लागले असतील, तरीही नाही. त्यामागे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू असू शकतो आणि मोठं आतडं ताणून फुगण्याचा धोका असतो.

– मी. प.

---

ताई, माहिती छान, पण जरा घाबरवणारी. आमच्याकडे वर्षानुवर्षं ही लोपरामाइडवालीच गोळी चालते. संध्याकाळी घेतली की सकाळी माणूस ठणठणीत. गुण येतो म्हणूनच लोक घेतात ना? जंतू मेले नसते तर बरं कसं वाटलं असतं?

– सु. ना.

---

दादा, अशा पोटबिघाडात जंतू आपण न मारताच जातात. मोठ्या माणसांचे अचानक लागलेले जुलाब बऱ्याच वेळा विषाणूंचे असतात, नोरोव्हायरस त्यांत आघाडीवर. विषाणूवर यातली एकही गोळी चालत नाही. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू झाले तर बहुधा अन्नात आधीच तयार झालेलं विष असतं. ते एखाद्या दिवसात उतरतं. तुमच्या गोळीतल्या लोपरामाइडनं फेऱ्या कमी केल्या, बाकीचं शरीरानं केलं आणि श्रेय जंतुनाशक घेऊन गेलं.

फुकटात घेऊन जात नाही, हीच पंचाईत. फिनलंडमधल्या संशोधकांनी परदेशी जाऊन आलेल्या प्रवाशांच्या आतड्यांतले जिवाणू तपासले. ज्यांनी प्रवासात जुलाबावर जंतुनाशक घेतलं होतं, ते औषधांना दाद न देणारे जिवाणू घेऊन परतण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. पुढे लघवीचा साधा संसर्ग झाला तरी नेहमीचं औषध लागू पडत नाही, ते यामुळे.

आणि फ्युराझोलिडोनबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगते. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, तिला घाबरू नका. घाबरायचं दुसऱ्याच गोष्टीला. रक्तदाब चढवणारी द्रव्यं मोडून टाकणारं शरीरातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हे औषध अडवतं. त्यामुळे नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या किंवा सर्दीतली नाक मोकळं करणारी औषधं सोबत चालू असतील तर रक्तदाब एकदम चढू शकतो. दारू घेतली तर चेहरा लाल, मळमळ, धडधड. जी6पीडी (तांबड्या पेशींना जपणारं विकर) जन्मतःच कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. साध्या पोटबिघाडासाठी एवढी जोखीम कशाला?

– मी. प.

---

ताई, लहान मुलांना अर्धी गोळी चालेल का? आमचा धाकटा दीड वर्षाचा आहे.

– के.

---

अर्धी नको, पावही नको. दोन वर्षांखाली लोपरामाइड अजिबात नाही, आणि त्यापुढेही बारा वर्षांपर्यंत डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. मुलांना ओआरएस आणि झिंक. झिंकची नेहमीची मात्रा रोज 20 मि.ग्रॅ., सहा महिन्यांखाली 10, आणि ते दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले तरी पुरे करायचं. अंगावर पीत असेल तर पाजणं चालू ठेव.

ओआरएसचं पाकीट ज्या मापाचं असेल तेवढंच पाणी, थेंबही कमी नको. त्यात ग्लुकोज आणि सोडियम सारख्याच प्रमाणात असतात, लिटरमागे 75 मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं माप). आतड्यातलं एक वाहक प्रथिन ही जोडी एकत्रच आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हे काम बंद पडत नाही, सगळी मेख तिथे आहे. बाळ पीत नाही म्हणून वर साखर घातलीस तर पाणी उलट आतड्यात ओढलं जाईल आणि जुलाब वाढतील. चमच्या-चमच्यानं पाज. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब आणि पुन्हा सुरू कर, आणखी हळू. डोळे खोल गेले, सुस्ती आली, पिणंच सोडलं तर थेट रुग्णालय गाठ.

– मी. प.

---

नमस्कार. माझे सासरे रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेतात आणि साखरेच्या गोळ्याही चालू आहेत. त्यांच्यासाठी ती पहिली पट्टी तरी बरी का?

– श. कु.

---

वहिनी, त्यांच्यासाठी तर दोन्ही वाईट. ऑर्निडाझोल आणि मेट्रोनिडाझोल दोन्ही वॉरफरिनचा परिणाम वाढवतात, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) चढतो, हिरड्यांतून किंवा आतून रक्त जाऊ शकतं. ओफ्लॉक्सॅसिननं साखर अचानक घसरू शकते, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि पोट बिघडल्यामुळे जेवण नसेल तर. साठीच्या पुढे त्यानं टाचेमागची कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) दुखावण्याचा, कधी तुटण्याचाही धोका वाढतो. शिवाय झिंक, लोह किंवा अ‍ॅसिडिटीची अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली औषधं सोबत घेतली तर ते शोषलंच जात नाही. दोन तासांचं अंतर लागतं.

जुलाब जास्त झाले तर साखरेवरचं मेटफॉर्मिन आणि लघवी होण्याच्या गोळ्या त्या दिवसांपुरत्या थांबवायच्या का, हे त्यांच्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून ठेवा. फोन लागत नसताना हा प्रश्न पडला तर पंचाईत.

– मी. प.

---

ताई, मनापासून आभार. पेटीत ओआरएस, झिंक, थर्मामीटर आणि सुटं लोपरामाइड ठेवतो. घरातल्या या दोन पट्ट्यांचं काय करू? टाकायचं जिवावर येतंय. शौचकुपात सोडू का?

– वि. दे.

---

काका, शौचकुपात नको, जंतुनाशक पाण्यात जातं. जवळच्या औषधांच्या दुकानात जुनी औषधं परत घेतात का, ते विचारून बघा. आणि थर्मामीटरचा सेल तेवढा तपासून घ्या.

– मी. प.