शब्दचर्चा : वीरनारी, वीरांगना, रणरागिणी की सैनिक?

प्रश्न
आमच्या गावची मुलगी लष्करी पोलिसांत अग्निवीर म्हणून भरती झाली. बंगळुरूचं प्रशिक्षण संपवून पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येतेय. ग्रामपंचायतीसमोर स्वागताचा फ्लेक्स लावायचाय, मजकूर माझ्याकडे आलाय. मसुद्यात ‘गावची वीरनारी’ आहे. कुणी ‘वीरांगना’ म्हणतं, कुणी ‘रणरागिणी’. यात फरक काय, आणि तिला नेमका कुठला लागू पडतो?

प्रतिसाद
ताई, ‘वीरनारी’ आजच काढा. लष्करात वीरनारी म्हणजे धारातीर्थी पडलेल्या जवानाची पत्नी. आपण बोलताना ‘वीरपत्नी’ म्हणतो, तोच अर्थ. गावात एखादा माजी सैनिक असेल तर फ्लेक्स बघून त्याच्या काळजात धस्स होईल.

साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांचं उदाहरण घ्या. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले, तेव्हा त्या वीरपत्नी झाल्या. पुढे त्यांनी स्वतः परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. ‘वीरनारी’ म्हटलं तर त्यातलं फक्त पहिलं कळतं. त्यांनी अंगावर चढवलेली वर्दी त्या शब्दात येतच नाही.

प्रतिसाद
उरलेल्या दोन शब्दांबद्दल. ‘वीरांगना’ म्हणजे वीर अधिक अंगना. अंगना ही मुळात ‘सुंदर अंगांची स्त्री’. संस्कृत व्याकरणात तशी व्युत्पत्तीच दिली आहे. आज तो अर्थ कुणाच्या मनात नसतो, तरी मला तो शब्द खटकतो. शिवाय छापताना वेलांटीऐवजी काना पडला तर ‘वारांगना’ होईल. फ्लेक्सवाल्याकडून मुद्रितशोधन तीनदा करून घ्या!

‘रणरागिणी’ जास्त गमतीचा. मराठीत राग म्हणजे संताप, म्हणून आपल्याला डोळे लाल झालेली बाई दिसते. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती, ओढ. रणाची ओढ असलेली ती रणरागिणी. शब्द मला फार आवडतो, पण तो गौरवाचा आहे. मोर्चातल्या बायकांनाही आपण रणरागिणी म्हणतो, त्यासाठी लष्करात असावं लागत नाही.

प्रतिसाद
मुळात वेगळा शब्द हवाच कशाला? तळेगावच्या उमाबाई दाभाडे घ्या. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा, सेनापती त्र्यंबकराव, मारला गेला. शाहू महाराजांनी पद धाकट्या यशवंतरावांना दिलं, पण कारभार उमाबाईंच्या हाती होता आणि १७३२ मध्ये अहमदाबादच्या स्वारीवर त्या जातीने गेल्या. आज आपण ‘सरसेनापती उमाबाई’ असंच म्हणतो. ‘पती’ म्हणजे इथे स्वामी, नवरा नव्हे. त्याचं ‘पत्नी’ करायला गेलात तर अर्थाचं वाटोळं होईल.

स्त्रियांसाठी खास नाव खरोखर रुळलं ते आझाद हिंद फौजेत. ऑक्टोबर १९४३ मध्ये सिंगापूरला झाशीची राणी रेजिमेंटची छावणी सुरू झाली, प्रमुख होत्या कॅप्टन लक्ष्मी. तिथल्या प्रत्येक सैनिकाला ‘रानी’ म्हणत. मलायाच्या रबराच्या मळ्यांतल्या कितीतरी तमिळ मुली त्यात होत्या. आयुष्यात झाशी न पाहिलेली मजुराची पोर खांद्यावर बंदूक घेऊन रानी झाली, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. पण तेही पलटणीचं नाव. ते उचलून तुमच्या फ्लेक्सवर लावता येणार नाही.

तिच्या लष्करी पोलिसांचंच बघा. मे २०२१ मध्ये बंगळुरूहून ८३ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. तेव्हा पेपरांत ‘महिला जवान’ छापून आलं, कारण नुसतं ‘जवान मुलगी’ म्हटलं की मराठीत भलताच अर्थ निघतो. ‘सैनिक’ला ती अडचण नाही. सैनिक आला, सैनिक आली. लिंग क्रियापद सांगतं, नाम आहे तसंच राहू द्या.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. वर ‘अग्निवीर’, खाली तिचं पूर्ण नाव, मग ‘प्रशिक्षण पूर्ण करून गावी आल्या, हार्दिक स्वागत’ असं केलं होतं. तिच्या वडिलांना दाखवलं. ‘आल्या’वर बोट ठेवून म्हणाले, आमची पोर आहे, ‘आली’ लिहा. तसं लिहून छपाईला दिलंय.